स्वप्नात भान येते तेव्हा

झोपेत स्वप्न चालू असते आणि मध्येच लक्षात येते, "अरे, हे तर स्वप्न आहे!" तरीही झोप मोडत नाही. असा अनुभव वाचकांपैकी अनेकांना कधी ना कधी आला असेल. २०१६ साली जुन्या अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली. तेव्हा शंभरातील साधारण ५५ जणांनी आयुष्यात एकदा तरी असे स्वप्न पाहिल्याचे दिसले. इंग्रजीत याला ल्युसिड ड्रीम म्हणतात. हा शब्द डच मनोविकारतज्ज्ञ व लेखक फ्रेडरिक व्हान एडन यांनी १९१३ साली रूढ केला. आपण त्याला सजग स्वप्न म्हणू.

आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असे कुणी विचारेल. वस्तीत स्वप्नांची भीती मोठी आहे, हे त्याचे कारण. वाईट स्वप्न वरचेवर पडू लागले किंवा पहाटे जाग येऊन अंगच हलेना, की शेजारीण सांगते, "वहिनी, हे बाहेरचं दिसतंय, एकदा दाखवून आणा." मग लिंबू, अंगारा, कोंबडे यांत मजुरीतून साठवलेले पैसे जातात, आणि स्वप्न पुन्हा पडतेच. झोपेत काय घडते आणि त्यात आपला हात कुठवर चालतो, हे समजावे म्हणून आम्ही स्वतः दोन महिने सजग स्वप्नाचा सराव केला. त्याचा हा वृत्तांत.

डोळ्यांनी दिलेली खूण

१९५३ साली शिकागो विद्यापीठातील युजीन असेरिन्स्की आणि नेथॅनियल क्लाइटमन यांनी एक शोध प्रसिद्ध केला. झोपलेल्या माणसाचे डोळे रात्री ठरावीक काळ बंद पापण्यांखाली भराभर हलतात. या झोपेला रेम झोप म्हणतात. ठसठशीत स्वप्ने बहुधा याच झोपेत पडतात. ती साधारण दर दीड तासाने येते. सुरुवातीला थोडी मिनिटे टिकते, पहाटेकडे लांबत जाते. या काळात मेंदू हातापायांचे स्नायू ढिले करून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नात पळताना खरोखरच उठून पळू लागलो असतो. श्वास आणि डोळे मात्र चालू राहतात.

याच गोष्टीचा उपयोग इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी केला. अॅलन वर्स्ली नावाच्या स्वयंसेवकाला सजग स्वप्ने पडत. स्वप्नात भान आले की डोळे डावीकडे-उजवीकडे ठरल्याप्रमाणे फिरवायचे, असे दोघांत ठरले. १२ एप्रिल १९७५ च्या सकाळी वर्स्ली झोपेत असताना ती खूण यंत्राच्या कागदावर उमटली. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनीही स्वतंत्रपणे हेच सिद्ध केले आणि ही गोष्ट सरावाने शिकता येते हे दाखवले. २०२१ साली चार देशांतील प्रयोगशाळांनी तर स्वप्नातल्या माणसांना साधी गणिते घातली. आठातून सहा गेले किती, या प्रश्नाचे उत्तर झोपलेल्या माणसाने डोळे हलवून बरोबर दिले.

आमचे पहिले आठवडे

सुरुवात वहीपासून केली. उशाशी वही-पेन ठेवायचे आणि जाग आल्यावर लगेच न हलता, डोळे मिटूनच काय दिसले ते आठवायचे. मग लिहायचे. पहिले चार दिवस पाने कोरी राहिली. पाचव्या दिवशी एकच ओळ सापडली, "कुणीतरी चपला नेल्या." दुसऱ्या आठवड्यात अर्धे पान भरू लागले. मागे वळून वाचले तेव्हा तीच तीच गोष्ट पुन्हा येताना दिसली. संपत नसलेली रांग, परीक्षेचा पेपर, आणि सर्वांत जास्त वेळा घर पाडायला आलेली गाडी. ज्यांनी लहानपणी वस्ती उठताना पाहिली आहे, त्यांना हे स्वप्न समजावून सांगायला नको.

दुसरा सराव दिवसाचा. दिवसातून आठ-दहा वेळा थांबून स्वतःला खरेच विचारायचे, "आत्ता मी जागा आहे की स्वप्नात?" मग नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहायचा. जागेपणी श्वास येत नाही, स्वप्नात बहुधा येतो. दुकानाची पाटी एकदा वाचून नजर हटवायची आणि पुन्हा वाचायची. स्वप्नात अक्षरे सहसा बदललेली असतात. बसस्टॉपवर नाक धरून उभे राहिलो की लोक बघतात, पण सवय लागली की तीच सवय स्वप्नातही उतरते.

तिसऱ्या सरावाला आमच्या नळाने मदत केली. आमच्याकडे पहाटे साडेचारला पाणी येते. हंडे-पिंप भरून झाले की तासभर पुन्हा आडवे होता येते. लाबर्ज यांची पद्धतही पहाटेच्या जागेवरच उभी आहे. जाग आल्यावर नुकतेच पडलेले स्वप्न आठवायचे आणि "पुढच्या स्वप्नात मला स्वप्न ओळखायचे आहे" असे मनात घोळवत झोपायचे. पहाटेची झोप स्वप्नांनी भरलेली असते.

तिसऱ्या आठवड्यात ते घडले. आम्ही रेशनच्या रांगेत उभे होतो. पाटीवर तांदूळ लिहिले होते, पुन्हा पाहिले तर तिथे गाडीचे वेळापत्रक. नाक धरले, श्वास सुरूच! आनंद एवढा झाला की पाच-सात सेकंदांत जाग आली. नवशिक्यांचे बहुतेक असेच होते. पुढच्या वेळी शांत राहून स्वप्नातच तळहात एकमेकांवर घासले, आजूबाजूच्या वस्तू नीट न्याहाळल्या, आणि स्वप्न मिनिटभर टिकले. उडायचा प्रयत्नही केला, पण पत्र्यापर्यंतसुद्धा पोचलो नाही. एकदा तर उठलो, चहा ठेवला, वहीत सगळे स्वप्न लिहून काढले, आणि मग खरी जाग आली. वहीचे पान कोरेच होते!

दोन महिन्यांत भान आले ते एकूण चारदा. चौथ्या वेळी ती गाडी आली. धूळ, आरडाओरडा, सगळे नेहमीसारखे. पण या वेळी कळले की हे स्वप्न आहे. गाडी नाहीशी झाली नाही. मात्र पाय लटपटले नाहीत. फळीवरचा कागदपत्रांचा पत्र्याचा डबा घेतला आणि सावकाश बाहेर आलो. जाग आली तेव्हा छाती धडधडत नव्हती. त्यानंतर वहीत ते स्वप्न एकदाच आले आहे. हा आमच्यापुरता अनुभव, सर्वांना असेच होईल असे नाही.

अंग लाकूड होते तेव्हा

सरावात एकदा पहाटे डोळे उघडले आणि बोटही हलेना. छातीवर भार, दाराशी कुणी उभे असल्यासारखे. लोक याला उरावर बसणे म्हणतात. खरे कारण वर आलेच आहे. मन जागे झाले, पण मेंदूने स्नायूंची ढील अजून काढलेली नाही आणि स्वप्नाचा थोडा भाग डोळ्यांपुढे उरला आहे. झोप अपुरी असली, वेळा सारख्या बदलत असल्या किंवा उताणे झोपले की असे जास्त घडते. काही सेकंद ते एखाद-दोन मिनिटांत आपोआप सुटते. झटापट करू नये. श्वासाकडे लक्ष द्यावे आणि पायाचे एक बोट हलवून पाहावे. घरातल्या लहानग्यांनाही हे सांगून ठेवावे.

वाईट स्वप्नांवर दिवसाचा उपाय

सजग स्वप्न प्रत्येकाला जमतेच असे नाही. वाईट स्वप्नांसाठी त्याहून सोपा उपाय आहे. तेच तेच स्वप्न दिवसा कागदावर लिहायचे, त्याचा शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा आणि बदललेले स्वप्न रोज दहा-वीस मिनिटे मनात पाहायचे. अमेरिकेत लैंगिक अत्याचार सोसलेल्या १६८ स्त्रियांवर झालेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. या उपायाने त्यांची वाईट स्वप्ने कमी झाली आणि झोप सुधारली. फार भयानक स्वप्न एकट्याने हाताळू नये. आधी हलक्या स्वप्नापासून सुरुवात करावी, किंवा समुपदेशकाची सोबत घ्यावी.

हे सांभाळा

मोठ्या माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी. सजग स्वप्नासाठी मुद्दाम गजर लावून रोज झोप मोडू नका. रिक्षा, ट्रक चालवणाऱ्यांनी आणि रात्रपाळी करणाऱ्यांनी तर नाहीच. ज्यांना भास होतात, आवाज ऐकू येतात किंवा मनोविकाराची औषधे चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा सराव करू नये. जागेपणीही खरे-खोटे कळेनासे झाले, तर सराव तिथेच थांबवावा. वाढत्या वयात कुणी झोपेत खरोखर लाथा-बुक्क्या मारू लागले, तर ती डॉक्टरांना दाखवायची गोष्ट आहे.

वाईट स्वप्नांनी आठवड्यात अनेकदा झोप मोडत असेल, झोपायचीच भीती वाटत असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर सरकारच्या टेली मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. अंगाऱ्यावर पैसे घालवण्याआधी हा एक फोन करून पाहा. आणि आज रात्री उशाशी एक वही ठेवा.