बॉस्टनचा स्क्वेअर पियानो, मिरजेचा तंबोरा

स्क्वेअर पियानो म्हणजे पायांवर उभी असलेली लांबट लाकडी पेटी. पट्ट्या तिच्या लांब बाजूला असतात आणि तारा वादकासमोर आडव्या, किंचित तिरप्या ताणलेल्या असतात. पियानो म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे झाकण उघडलेला काळा ग्रँड पियानो येतो. अमेरिकन घरांत मात्र जवळजवळ शंभर वर्षे हीच पेटी नांदली. आज टिकून असलेल्या सर्वांत जुन्या स्क्वेअर पियानोंपैकी एक योहानेस झुंपे या जर्मन कारागिराने १७६६ साली लंडनमध्ये केला. फिलाडेल्फियाच्या जॉन बेहरेंटने १७७५ मध्ये अमेरिकेत पियानो घडवल्याची जाहिरात दिली. १७८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉर्ज वॉशिंग्टन यांनी त्याच वर्षी पत्नीच्या नातीसाठी, नेली कस्टिससाठी, पियानो घेतला तो लंडनहून मागवलेला नव्हे, तर न्यूयॉर्कच्या थॉमस डॉड्सकडचा.

जुन्या घराच्या संग्रहालयात असा पियानो तपासायचा तर पहिलीच अट जाचक असते: तो वाजवायचा नाही. दोनशे वर्षांच्या तारांना पुन्हा ताण दिला तर त्या तुटतात आणि आधीच पिळवटलेली पेटी आणखी पिळवटते. मग उरते ते बघणे आणि मोजणे. दर्शनी फळीवरचे नाव नेहमी कारागिराचेच असते असे नाही. ते विकणाऱ्याचेही असू शकते. खरी ओळख आत मिळते. एकेक पट्टी उचलून काढता येते, आणि सर्वांत खालच्या सुराच्या पट्टीच्या लाकडावर कधी क्रमांक, कधी पेन्सिलीने केलेली सही सापडते. पाच सप्तकांच्या ६१ पट्ट्या असतील तर वाद्य बहुधा अठराव्या शतकातले. ६८ असतील तर १८०० च्या आसपासचे. हातोड्यांवर कातड्याचे थर हवेत. नमदा दिसला तर तो कुणीतरी पुढे बसवलेला, कारण हातोड्यांना नमदा लावण्याची पद्धत १८२६ नंतरची. खुंट्यांजवळ शाईने लिहिलेले आकडे कुठली तार किती जाडीची होती ते सांगतात. तारा गेल्या तरी ही माहिती उरते.

पेटी पिळवटण्यामागे हवामानाचा मोठा हात आहे. न्यू इंग्लंडचा उन्हाळा दमट असतो. हिवाळ्यात शेकोटीने तापलेल्या खोलीतली हवा कोरडी ठक्क होते. लाकूड फुगते, आकसते आणि सूर उतरतात. बॉस्टनच्या अल्फियस बॅबकॉकने १७ डिसेंबर १८२५ रोजी पेटंट घेतले ते यावरच्या उपायाचे: स्क्वेअर पियानोसाठी एकसंध ओतीव लोखंडी चौकट. पुढे जोनास चिकरिंगने १८४० मध्ये आपल्या चौकटीचे पेटंट घेतले. आजच्या प्रत्येक पियानोच्या पोटातले लोखंड या घरगुती पेटीपासून आले आहे, ही गोष्ट ग्रँडच्या झगमगाटात विसरली जाते.

मिरजेच्या कारागिराला ही तपासणी अर्धवट वाटेल, आणि त्याचे म्हणणे चूक नाही. तिथे जुना तंबोरा येतो तो गाण्यासाठी. तारांनी घोडी झिजली की ती पुन्हा घासून जवारी, म्हणजे तारेला झंकार देणारी गोलाई, काढली जाते; भोपळा फुटला तर सांधला जातो, पॉलिश नवे होते, खुंट्या बदलतात. म्हणून आजोबांचा तंबोरा नातवाच्या मैफलीत मागे झंकारत राहतो. बॉस्टनचा पियानो दोरीपलीकडे मुका उभा असतो आणि दोरीअलीकडच्या मुलाला त्याचा आवाज कसा होता हे कळत नाही. इतक्या श्रीमंत देशाने जुन्या वाद्याची प्रतिकृती घडवून ती प्रत्येक अशा घरात का ठेवू नये? मोजमापे तर हाताशी आहेत, आणि अशा मोजमापांवरून सुरेल प्रतिकृती घडवणारे कारागीरही आहेत.

पण घोडी घासली गेली की आधीच्या पिढीने तिला दिलेली गोलाई कायमची जाते. ती गोलाई म्हणजे एका घराण्याचा कान. घासण्यापूर्वी एक फोटो काढला, घोडीच्या कडेची रेघ कागदावर उतरवून घेतली, जुनी खुंटी फेकून न देता पुडीत ठेवली, तर गाणे एक दिवसही अडत नाही. ज्या कारागिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या जुन्या मोजमापांची वही प्रत्येक दुकानात असायला हवी.

हीच नोंदींची सवय आपल्याकडच्या पियानोंनाही हवी. गोव्यातल्या जुन्या घरांच्या दिवाणखान्यांत पियानो आहेत आणि तिथला पावसाळा बॉस्टनच्या हिवाळ्याच्या उलट त्रास देतो: पट्ट्या फुगून अडकतात, तारांना गंज चढतो. दुरुस्तीला माणूस बोलावल्यावर त्याने तारा काढण्याआधी त्यांची जाडी लिहून घ्यावी, जुने कातडे जपून ठेवावे आणि सर्वांत खालची पट्टी उचलून तिच्या लाकडावर काही लिहिले आहे का ते घरच्यांना दाखवावे.