न फवारलेला वाफा : संशोधनपद्धतीचा पहिला धडा

कृषी विद्यापीठातील पदव्युत्तर विद्यार्थ्याचा प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जातो आणि तिथेच राहतो, असा एक समज आहे. तो पूर्णपणे खरा नाही. आजचा विद्यार्थी उद्या संशोधन केंद्रावर, कृषी विज्ञान केंद्रात किंवा निविष्ठा कंपनीत काम करतो. किडीचा प्रादुर्भाव मोजण्याची आणि त्यावरून निष्कर्ष काढण्याची जी सवय त्याला शिक्षणकाळात लागते, तीच पुढे शिफारशींमध्ये उतरते. शिफारस चुकली तर फवारणीचा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून जातो. म्हणून विद्यार्थ्यांना संशोधनपद्धती कशी शिकविली जाते, हे विस्तार कार्यकर्ते आणि प्रयोगशील शेतकरी यांनीही समजून घेणे उपयुक्त ठरते. हा लेख कीटकशास्त्रातील उदाहरणांच्या आधारे त्या शिक्षणाचा गाभा मांडतो.

विषय आणि प्रश्न

'अमुक किडीवर कीटकनाशकांची परिणामकारकता' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ज्याचे उत्तर 'नाही' असेही येऊ शकते, तोच संशोधनाचा प्रश्न. 'फुलकिडे आर्थिक नुकसानीच्या पातळीखाली असताना केलेल्या फवारणीने उत्पादनात भर पडते काय?' हा प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर दोन्ही बाजूंनी येऊ शकते. विद्यार्थ्याने आपला विषय अशा एका वाक्यात मांडला की काय मोजायचे, कशाशी तुलना करायची आणि किती काळ थांबायचे, हे बरेचसे आपोआप ठरते.

तुलनेवाचून परिणाम कळत नाही

समजा, एका वाफ्यात फवारणीपूर्वी प्रति झाड ४० फुलकिडे होते आणि फवारणीनंतर ते १० उरले. घट ७५ टक्के झाली, असे कोणीही म्हणेल. परंतु त्याच दिवसांत जोराचा पाऊस झाला आणि शेजारच्या न फवारलेल्या वाफ्यातील फुलकिडेही ४० वरून २० वर आले, तर चित्र बदलते. काहीच केले नसते तरी फवारलेल्या वाफ्यात २० कीटक उरले असते. औषधामुळे ते २० चे १० झाले. म्हणजे औषधाचा खरा वाटा ५० टक्क्यांचा. दुसऱ्या एखाद्या औषधाच्या वाफ्यात फुलकिडे ४० वरून २० वर आले असतील, तर त्या औषधाचा परिणाम शून्य ठरतो. विक्रेत्याच्या पत्रकात मात्र तोच आकडा 'निम्मी कीड कमी' असा छापला जाऊ शकतो.

ही दुरुस्ती करणारे सूत्र हेंडरसन आणि टिल्टन यांनी १९५५ मध्ये मांडले. प्रयोगशाळेतील मरतुकीसाठी ॲबट यांचे १९२५ चे सूत्र आजही वापरले जाते. औषध दिलेल्या अळ्यांपैकी ७० टक्के आणि न दिलेल्यांपैकी २० टक्के मेल्या, तर दुरुस्त मरतूक ५० टक्के नसून ६२.५ टक्के येते; कारण औषधाची कसोटी उरलेल्या ८० टक्के अळ्यांवरच लागते. विद्यार्थ्यांना सूत्रे लवकर पाठ होतात. न फवारलेला वाफा ठेवल्याशिवाय त्या सूत्रांना काही अर्थ नाही, हे मनात ठसायला अधिक वेळ लागतो.

पुनरावृत्ती आणि चिठ्ठी

एका वाफ्याची दुसऱ्याशी तुलना पुरेशी नसते. बांधाजवळ ओल अधिक असते, एका कडेला झाडांची सावली पडते, वाऱ्याच्या दिशेने कीड आधी शिरते. म्हणून प्रत्येक उपचार अनेक वाफ्यांत द्यावा लागतो आणि कोणता उपचार कोणत्या वाफ्यात, हे चिठ्ठीने ठरवावे लागते. शेत उताराचे असेल तर उताराला आडवे गट पाडून प्रत्येक गटात सर्व उपचार बसवितात. हीच यादृच्छिक गट रचना. अशा रचनेत त्रुटीचे स्वातंत्र्यांश किमान १२ असावेत, असा संकेत पाळला जातो. सात उपचारांना त्यासाठी तीन पुनरावृत्ती पुरतात, चार उपचारांना मात्र पाच लागतात.

येथे एक गोष्ट वारंवार समजावून द्यावी लागते. एकाच वाफ्यातील दहा झाडे मोजणे म्हणजे दहा पुनरावृत्ती नव्हेत. ती दहाही झाडे एकाच ओलीत, एकाच सावलीत उभी असतात. त्यांची सरासरी काढली की ती एका वाफ्याची एकच नोंद होते.

विस्तार कार्यकर्त्यांना यादृच्छिक निवड अपरिचित नाही. पीक कापणी प्रयोगात शेत आणि त्यातील जागा यादृच्छिक अंकांनी ठरवितात. चांगले पीक पाहून जागा निवडली तर उत्पादनाचा अंदाज फुगतो, हे आपण जाणताच. या पद्धतीचा भारतात पाया घालण्यात पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांचे काम मोलाचे आहे. या दोघांनी लिहिलेला कृषी कार्यकर्त्यांसाठीच्या सांख्यिकी पद्धतींचा ग्रंथ भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ मध्ये प्रकाशित केला. देशभरातील कृषी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या त्यावर शिकल्या.

काय मोजावे?

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घेऊ. अळी अंड्यातून बाहेर पडताच कळीत, फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते आणि बोंड वाढू लागले की शिरण्याचे छिद्र बुजते. वरून हिरवे दिसणारे बोंड आतून पोखरलेले असू शकते. त्यामुळे झाडावर दिसणाऱ्या अळ्या मोजून या किडीचा अंदाज येत नाही. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रति सापळा ८ पतंग, १० टक्के डोमकळ्या किंवा १० टक्के प्रादुर्भावग्रस्त हिरवी बोंडे, या नुकसानीच्या पातळ्या म्हणूनच वापरल्या जातात. वीस हिरवी बोंडे फोडून पाहिली आणि दोनांत प्रादुर्भाव आढळला, तर ती पातळी गाठली गेली. मोजण्याची पद्धत किडीच्या जीवनक्रमातून ठरते, सोयीतून नव्हे.

नवता कोठून येते?

नवसंशोधन म्हणजे नवे रसायन किंवा नवे उपकरण, असे विद्यार्थी अनेकदा गृहीत धरतात. पपईवरील पिठ्या ढेकणाचा इतिहास वेगळे सांगतो. ही कीड २००८ मध्ये कोइंबतूर येथे आढळली आणि पुढे अनेक राज्यांत पसरली. अंगावरील मेणचट आवरणामुळे फवारणीचा लाभ मर्यादित राहिला. संशोधकांनी तेव्हा विचारलेला प्रश्न साधा होता. मेक्सिको आणि मध्य अमेरिका या मूळ प्रदेशात ही कीड आटोक्यात का राहते? उत्तर तेथील परोपजीवी मित्रकीटकांत होते. २०१० मध्ये ॲसेरोफॅगस पपायी आणि आणखी दोन मित्रकीटक प्वेर्तो रिकोहून आणण्यात आले. बेंगळुरू येथील, आज राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने त्यासाठी पुढाकार घेतला. विलगीकरणात तपासणी झाल्यावर ते सोडण्यात आले आणि कीड मोठ्या प्रमाणावर आटोक्यात आली. यातील नवता प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत होती. तपासणीची शिस्त नसती, तर परदेशी कीटक सोडणे हे धाडस ठरले असते.

'फरक आढळला नाही'

दोन वर्षे कष्ट करून उपचारांत सार्थ फरक आढळला नाही, तर विद्यार्थी खचतो. एखादा गट वगळावा, एखादी नोंद 'सुधारावी', असा मोह याच वेळी होतो. संशोधनाच्या नीतिमत्तेचा खरा धडा येथे द्यावा लागतो. प्रयोग नीट आखलेला आणि पुरेशा पुनरावृत्तींचा असेल, तर जादा फवारणीने उत्पादनात नजरेत भरणारी वाढ होत नाही, हा निष्कर्षही शेतकऱ्याचे पैसे वाचवितो. प्रबंधाचे मूल्य निकालाच्या चमकदारपणावर नव्हे, तर नोंदींच्या खरेपणावर ठरते. विद्यार्थ्याला हे सांगणे सोपे आहे. मार्गदर्शकांनी आणि परीक्षकांनी तसे वागणेही तितकेच आवश्यक आहे.

शेतीशाळेत हे कसे करावे?

ही पद्धत प्रक्षेत्रापुरती मर्यादित नाही. गावात एखाद्या निविष्ठेविषयी शंका असल्यास पुढीलप्रमाणे चाचणी घेता येते.

१. एकाच पिकाची, शक्यतो एकाच आठवड्यात पेरलेली पाच शेते निवडा. प्रत्येक शेत हा एक गट समजा.

२. प्रत्येक शेतात शेजारी-शेजारी दोन समान पट्टे आखा. कोणता पट्टा फवारायचा हे नाणे उडवून ठरवा.

३. कडेच्या ओळी सोडून प्रत्येक पट्ट्यातील २० झाडांवरील कीड फवारणीच्या आदल्या दिवशी आणि नंतर तिसऱ्या व सातव्या दिवशी मोजा. मित्रकीटकांचीही नोंद ठेवा.

४. शक्य असल्यास मोजणाऱ्यास कोणता पट्टा फवारलेला आहे ते सांगू नका.

५. काढणीच्या वेळी दोन्ही पट्ट्यांचे उत्पादन वेगळे तोला आणि फवारणीचा खर्च वजा करून फरक पाहा.

औषधाचा काहीच परिणाम नसेल, तर पाचही शेतांत केवळ योगायोगाने फवारलेलाच पट्टा सरस ठरण्याची शक्यता ३२ मध्ये १ इतकी अल्प आहे. तीनच शेते घेतली तर ती ८ मध्ये १ होते, म्हणजे विश्वास ठेवण्याजोगी राहत नाही. एका शेतावरील अनुभवाला तर या हिशेबात जागाच नाही. न फवारलेला पट्टा लहान ठेवावा आणि संभाव्य नुकसानीची कल्पना शेतकऱ्यास आधी द्यावी.

अशा नोंदी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे अवश्य पाठवाव्यात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी चांगल्या प्रश्नांची नेहमीच गरज असते, आणि ते प्रश्न शेतातूनच यायला हवेत.