बीचपासून तासाभरावर

गोवा म्हटलं की तुमच्या-आमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बागा, कळंगुट, फिश थाळी, भाड्याची स्कूटर आणि सोमवारी ऑफिसात मिरवायला थोडंसं टॅनिंग. मीही त्याच पंथातली! पण गेल्या खेपेला स्कूटर उलट्या दिशेला, डिचोलीकडे वळवली. तासाभरात लाल डोंगर दिसायला लागले. फोटो काढावा असे देखणे. मग कळलं, हे डोंगर नाहीतच. हा खाणींचा कचरा आहे.

इथे त्याला ‘डंप’ म्हणतात. लोहखनिज काढायचं तर आधी वरचं जंगल, जांभा, माती सगळं उपसावं लागतं. साधारण एक टन खनिजामागे अडीच ते तीन टन माती-दगड निघतात. खनिज बार्जमध्ये बसून मांडवी-जुवारीतून मुरगावला आणि पुढे परदेशी जातं. माती गावातच राहते. चीनची भूक वाढली तेव्हा, २०१०-११ मध्ये, गोव्यातून वर्षभरात ५ कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेलं. मागे किती उरलं असेल, तुम्हीच विचार करा.

आणि मग पाऊस येतो. आपण ‘मान्सून इन गोवा’ची पॅकेजेस बघत असतो, तेव्हा डंपवरची बारीक माती ओहोळात उतरते आणि ओहोळातून थेट भातशेतीत. पाणी ओसरलं की तिचा टणक थर बसतो. रोपांच्या मुळांना हवाच मिळत नाही. डिचोली आणि सत्तरीतल्या कित्येक शेतकऱ्यांनी हे भोगलंय.

शिरगावची गोष्ट आणखी वेगळी. लइराई देवीच्या जत्रेसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव. खाणीचे खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेले. खड्डा कोरडा ठेवायचा म्हणून पंप लावून पाणी बाहेर फेकलं आणि आजूबाजूच्या विहिरी आटल्या. दारात विहीर, आणि वाट टँकरची!

धूळ तर विचारूच नका. खनिजाचे ट्रक वस्तीतून धावायचे तेव्हा घरं, झाडं, वाळत घातलेले कपडे, सगळं लाल. त्यातली अगदी बारीक धूळ फुप्फुसात खोलवर जाते. तिच्यात सिलिका असेल आणि ती वर्षानुवर्षं श्वासातून गेली, तर सिलिकोसिस होतो. त्यावर औषध नाही.

शाह आयोगाच्या अहवालानंतर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुढे मर्यादा घालून सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ८८ लीज रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. बंदी म्हणजे आनंदीआनंद, असं मला पुण्यात बसून वाटायचं. पण कर्ज काढून ट्रक घेतलेल्यांचं काय? हप्ता चुकण्याची धास्ती आपल्याला वेगळी समजवायला नको. ज्या घराची विहीर आटली, त्याच घरातला मुलगा कधी कधी खाणीचा ट्रक चालवायचा. त्यामुळे ‘खाण हवी की नको’ हा प्रश्न तिथे घराघरात भांडण लावतो.

लिलावानंतर २०२४ पासून काही खाणी परत सुरू झाल्यात. डंप मात्र मधल्या बंदीच्या वर्षांतही सुट्टीवर नव्हते. दर पावसाळ्यात उतारावरून माती येतच होती. खनिज विकलं जातं त्या वर्षी पैसा येतो, पण माती पुढची कितीतरी वर्षं खाली येत राहते. ती अडवायला भिंती, गाळ साठवायला तळी, डंपवर झाडं, हे सगळे उपाय माहीत आहेत. त्यांवर खर्च करायला मन मोठं लागतं, एवढंच.

मयेचा तलाव टूरिस्ट नकाशावर आहेच. शिरगाव तिथून अगदी जवळ. पावसाळ्यात गेलात, तर वाटेतल्या ओहोळांचा रंग बघा.