परक्या देशांतील विद्यार्थिदशा

परदेशीं शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्यास परकेपणा जाणवतो, असें सहज म्हटलें जातें. पण तो नेमका कशांत असतो, याचा विचार क्वचितच होतो. भाषा न येणें, ओळखीचें माणूस नसणें, हीं कारणें तर उघडच आहेत. तीं दोन्ही नसतांहि परकेपणा उरतो, तेव्हां मात्र त्याचें मूळ अधिक खोल शोधावें लागतें.

आनंदीबाई जोशी ४ जून १८८३ रोजीं न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हां त्या अवघ्या १८ वर्षांच्या होत्या. इंग्रजी त्यांना चांगलें अवगत होतें. त्याच वर्षीं २४ फेब्रुवारीस बंगालमधील श्रीरामपूर येथें त्या भाषेंत जाहीर व्याख्यान देऊन त्यांनीं आपल्या प्रवासाचीं कारणें सांगितलीं होतीं. ओळखहि होती. न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंनीं दंतवैद्याकडे वाट पाहत असतां एका मिशनरी मासिकांत गोपाळराव जोशी यांचें पत्र वाचलें आणि त्यांतून दोन्ही घरांचा पत्रव्यवहार जडला. पहिला उन्हाळा या ‘मावशीं’च्या घरींच गेला.

मग उणें काय होतें? ऑक्टोबरांत फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयांत शिक्षण सुरू झालें आणि अगदीं क्षुल्लक गोष्टींनीं डोकें वर काढलें. स्वदेशीं काय ल्यावें, काय खावें, याचा विचार माणसाला करावा लागत नाहीं. रूढि तो आधींच करून ठेवते. परक्या देशांत प्रत्येक घास आणि प्रत्येक निरी हा स्वतंत्र निर्णय होऊन बसतो. नऊवारी लुगड्यांत कंबर व पोटऱ्या उघड्या राहत. थंडी एकीकडे, तेथील शिष्टाचार दुसरीकडे. म्हणून आनंदीबाईंनीं गुजराथी पद्धतीनें साडी नेसण्यास आरंभ केला. बदल एवढासा! पण त्याचें कारण समुद्रापार असलेल्या पतीला पत्रानें पटवावें लागलें, आणि उत्तरास कित्येक आठवडे लागत. आहार शाकाहारीच ठेवावयाचा होता, म्हणून अभ्यासांतून वेळ काढून स्वयंपाक आला. खोलींतील शेगडी अशी कीं, धूर सोसावा किंवा गारठा. या परकेपणाची किंमत शेवटीं शरीराला मोजावी लागली, हें विसरतां येत नाहीं.

हिंदु म्हणून जाईन व हिंदु म्हणूनच परत येईन, असें त्यांनीं श्रीरामपुरांत सांगितलें होतें. त्यामुळें अमेरिकेंत मिसळून जाण्याचा सोपा मार्गहि बंद होता. त्यांच्याकडे पाहणारे डोळे दुहेरी होते, तेथले कुतूहलाचे आणि इथले संशयाचे. मात्र टक लावून पाहणारे लोक त्यांना अमेरिकेंतच प्रथम भेटले असें समजूं नये. शाळेला जाणारी विवाहित मुलगी म्हणून मुंबईच्या रस्त्यांतहि त्यांची हेटाळणी झालीच होती.

१० ऑक्टोबर १८८५ चें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यांत आनंदीबाई, जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली या तिघी आपापल्या देशाच्या वेषांत बसल्या आहेत. पाहणाराला वेषच आधीं दिसतात. तिघींना एकाच परक्या भाषेंत एकच शरीरशास्त्र शिकावयाचें होतें, हें दिसत नाहीं. परक्या विद्यार्थ्याला नेहमींच कोणाचा तरी प्रतिनिधि व्हावें लागतें, आणि नुसता विद्यार्थी होण्याची मोकळीक त्याला क्वचितच मिळते. अर्थात् प्रतिनिधित्वाचा उपयोगहि करून घेतां येतो. पदवीसाठीं आनंदीबाईंनीं जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय हिंदु लोकांतील प्रसूतिशास्त्र हा होता. जें वेगळेपण म्हणून पाहिलें जात होतें, त्यालाच त्यांनीं अभ्यासाचा विषय केलें.

११ मार्च १८८६ रोजीं त्यांना पदवी मिळाली. समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयांत नेमणूकहि झाली. पण त्या वर्षाच्या अखेरीस स्वदेशीं परतल्या, त्या क्षयानें खंगलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्यांचें निधन झालें. पुढें त्यांची रक्षा अमेरिकेस पाठविण्यांत आली, आणि मावशींनीं ती न्यूयॉर्क राज्यांतील पॉकिप्सी येथें आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत ठेवविली.