अरणगावची टेकडी आणि लीड्सची मेस

नगरहून दौंडकडे निघालं की अरणगावची टेकडी लागते. तिथे मेहेरबाबांची समाधी आहे. १० जुलै १९२५ ला मौन धरलेले बाबा ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत बोलले नाहीत. त्यांचा एक भक्त मात्र त्या काळातल्या सर्वांत दणदणाटी बँडचा गिटारवादक होता. तो म्हणजे ‘द हू’चा पीट टाउनशेंड.

बाबा गेले त्याच वर्षी मे महिन्यात ‘टॉमी’ आला. मुका, बहिरा, आंधळा मुलगा नायक असलेला हा रॉक ऑपेरा. सलग कथा सांगणाऱ्या प्रोग्रेसिव्ह रॉकला वाट करून देणाऱ्या रेकॉर्डांत त्याचं नाव घ्यावंच लागतं. त्याच्या श्रेयनामावलीत मेहेरबाबांचा उल्लेख ‘अवतार’ असा आहे.

‘टॉमी’नंतर हवी होती लाइव्ह रेकॉर्ड. अमेरिका दौऱ्याच्या टेप्सचा ढीग साचला होता. तो ऐकत बसण्याऐवजी जाळून टाकायला लावला, असं टाउनशेंडनेच पुढे सांगितलं. मग १४ फेब्रुवारी १९७० ला लीड्स विद्यापीठाच्या मेसमध्ये नव्याने ध्वनिमुद्रण झालं. दुसऱ्या दिवशी हलमध्येही झालं, पण तिथल्या काही टेप्सवर जॉन एन्टविसलचा बेसच उमटला नव्हता. त्यामुळे लीड्सवर शिक्कामोर्तब झालं.

‘लाइव्ह ॲट लीड्स’ची पहिली आवृत्ती अवघ्या सहा गाण्यांची. चोरट्या रेकॉर्डसारखं साधं तपकिरी वेष्टन, आणि लेबलवर हाताने लिहिलेली सूचना: खरखर आहे तशी राहू द्या. हीच या रेकॉर्डची खरी श्रीमंती आहे. तीन मिनिटांचं ‘माय जनरेशन’ इथे चौदा मिनिटांच्या पुढे जातं. डॅल्ट्री गातो, कीथ मून ड्रम्सवर थैमान घालतो आणि मधेच ‘टॉमी’चे सूर डोकावतात. चौघांपैकी कोण कुठे वळेल याचा नेम नाही, तरी कुणी मागे राहत नाही. स्टुडिओत अशी जोखीम क्वचितच ऐकू येते.

१९७१ च्या ‘बाबा ओ’रायली’ या गाण्याच्या नावातले बाबा हे मेहेरबाबाच. उरलेलं अर्धं नाव संगीतकार टेरी रायलीचं. १९७२ मध्ये टाउनशेंड समाधीच्या दर्शनाला नगरला आला.

लीड्सच्या त्या रात्री वाजलेला ‘टॉमी’ रसिकांच्या हाती यायला मात्र २००१ ची दोन सीडींची आवृत्ती यावी लागली. ऐकायची सुरुवात त्यातल्या ‘स्पार्क्स’पासून करावी. मुक्या नायकाच्या कथेतला हा तुकडा शब्दांवाचून आहे, आणि चौघं तो जीव तोडून वाजवतात.