तरुणांनी उभारलेली अभियंत्यांची संस्था

लंडनमधील इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स ही संस्था २ जानेवारी १८१८ रोजी फ्लीट स्ट्रीटवरील एका कॉफी हाउसमध्ये मोजक्या तरुण अभियंत्यांनी स्थापली. त्या काळी हा व्यवसाय मुख्यतः अनुभवी अभियंत्याच्या हाताखाली उमेदवारी करूनच शिकता येई. एकमेकांच्या अनुभवातून शिकावे, हा या तरुणांचा हेतू. पण सभासद वाढेनात. १८२० मध्ये रस्ते, कालवे आणि पुलांचे नामवंत निर्माते थॉमस टेलफर्ड पहिले अध्यक्ष झाले आणि चित्र पालटले. साठी ओलांडलेल्या टेलफर्डनी नुसते नाव दिले नाही, वेळ दिला, आणि तेच मोलाचे ठरले. त्यांनी ग्रंथालयासाठी पुस्तके दिली. सभासदांनी आपल्या कामाचे अनुभव लिहून मांडावेत, असा आग्रह धरला. १८२८ मध्ये संस्थेला राजसनद मिळाली. १८३४ मध्ये टेलफर्ड वारले. त्यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून उत्तम निबंधांना पारितोषिके दिली जाऊ लागली.