आधी चाक, मग मडगार्ड

१९७१ साली निस्साननं जपानी बाजारात एक गाडी आणली. तिच्या चारही चाकांवरचे फुगवटे कारखान्यातच बसवलेले होते, पण दिसायला कुणी गॅरेजवाल्यानं मागाहून आणून डकवावेत तसे. जोड लपवण्याची तसदीच घेतलेली नव्हती. नाक लांबवलेलं, तेही फायबरचं; दिव्यांवर पारदर्शक झाकणं. नाव फेअरलेडी २४० झेडजी. साध्या २४० झेडची रुंदी १,६३० मिलिमीटर, हिची १,६९०. म्हणजे एका अंगाला जेमतेम तीन सेंटिमीटर. जुनी गाडी रुंद करून वर चकचकीत डिशवाली चाकं चढवायची, हा जो शौक आज जगभर दिसतो, त्याचा हिशेब मी या तीन सेंटिमीटरपासून मांडतो. पोर्शे आणि बीएमडब्ल्यूवाले रागावतील; त्यांची वंशावळ वेगळी आहे आणि मोठी आहे. पण माझा जीव झेडवर.

ही गाडी, म्हणजे एस३० मालिका, १९६९ च्या अखेरीस आली तेव्हा अंगानं सडपातळ होती. अमेरिकेत गेलेल्या २४० झेडला चौदा इंची, साडेचार इंच रुंदीचं लोखंडी चाक आणि १७५ चा टायर असे. शर्यतीत ते पुरणार नव्हतं. रुंद टायर घातला तर तो पत्र्याबाहेर येणार, आणि उघडा टायर नियमात बसत नव्हता. शिवाय जे रस्त्यावर विकलं नाही ते शर्यतीत लावता येत नसे. म्हणून झेडजी. पावसाळ्यापूर्वी ओसरीला हातभर पत्रा वाढवावा, तसा टायरवर धरलेला तो पत्रा होता. आधी टायर, मग त्याला छप्पर.

(याच मालिकेतली २४० झेड घेऊन शेखर मेहता यांनी १९७३ ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली जिंकली. युगांडात जन्मलेले भारतीय वंशाचे हे चालक पुढे आणखी चारदा सफारी जिंकले. आपल्याकडे त्यांचं नाव जितकं घेतलं जायला हवं तितकं घेतलं जात नाही.)

पुढे टायर आणि छपराचा हा क्रम उलटला. फुजी सर्किटवर १९७१ पासून ग्रँड चॅम्पियन मालिका भरू लागली आणि शर्यत बघायला येणारी पोरं आपल्याच गाड्या शर्यतीच्या थाटात सजवून आणू लागली. गाडी जमिनीला टेकवायची, फुगवटे लावायचे आणि मग ते भरायला रुंद चाकं शोधायची. अशा जमिनीलगत खाली बसवलेल्या गाडीला ‘शाकोतान’ हा शब्द रूढ झाला. १९७९ पासून सुपर सिल्हूट शर्यती आल्या. त्यातल्या स्कायलाइन, सिल्विया, ब्लूबर्ड पाहिल्यावर रस्त्यावरचे फुगवटे गोल राहिले नाहीत, चौकोनी झाले, फळीएवढे झाले. वेगाशी त्यांचं नातं केव्हाच तुटलं होतं. पण मला त्यात खोट वाटत नाही. पोरांनी गाडीला नटवलं, एवढंच. खोट शिरली ती पुढे, जेव्हा हे सगळं खोक्यात भरून तयार विकत मिळायला लागलं.

चाकांची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण खरी अक्कल तिथं लागते. योकोहामाच्या वातानाबेचं आठ काड्यांचं चाक एस३० वर इतकं शोभतं, की कित्येकांना ते गाडीबरोबरच आलं असावं असं वाटतं. एसएसआरसारख्यांची तीन तुकड्यांची चाकं आली आणि सोय झाली. मधला चेहरा, आतली थाळी, बाहेरची थाळी, तिन्ही बोल्टनी जोडलेली. थाळी बदला, रुंदी बदलली. चार नटांचा ११४.३ मिलिमीटरचा घेर जुळला म्हणजे चाक जुळलं, असं समजणारे मात्र इथंच फसतात. कारण खरा प्रश्न ऑफसेटचा, म्हणजे चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या तोंडापर्यंतच्या अंतराचा असतो.

उदाहरण घ्या. सहा इंची, अधिक वीस ऑफसेटचं चाक काढून नऊ इंची, उणे दहाचं लावलं. तीन इंच रुंदी वाढली. तिचे निम्मे, म्हणजे ३८ मिलिमीटर दोन्ही बाजूंना गेले. ऑफसेट तीसनं बाहेर सरकला. बाहेरची कड ६८ मिलिमीटर पुढे आली, आतली मात्र आठच मिलिमीटर आत गेली. हा आकडा कागदावर मांडल्याशिवाय फुगवट्याची ऑर्डर देऊ नये. आणि तो पडताळायला यंत्र लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करायची, कमानीच्या माथ्यावरून गवंड्याचा ओळंबा सोडायचा आणि चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दोरीपर्यंत फूटपट्टी धरायची. चारही चाकांना चार वेगळे आकडे येतील. पन्नास वर्षांच्या, एकदोनदा ठोकर खाल्लेल्या गाडीत डावी-उजवी सारखी भेटली तर नशीब समजा.

शिवाय चाक बाहेर ढकललं की त्याचा भार बेअरिंगवर लांबून येतो आणि खड्ड्यातला प्रत्येक हिसका स्टिअरिंगमधून थेट मनगटात उतरतो. टायरचाही विचार हवा. पंधरा इंचीत २२५/५० घेतला तर त्याचा व्यास ६०६ मिलिमीटर, मूळ टायरचा सुमारे ६३५. गाडी दीड सेंटिमीटर खाली बसते आणि वेगाचा काटा खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. त्याहून रुंद टायर पंधरा इंचीत सहज मिळत नाही, म्हणून लोक सतराकडे वळतात. मग त्या नाजूक कमानीत चाक बैलगाडीचं वाटायला लागतं.

इंटरनेटच्या जमान्यात या शौकानं पुन्हा उचल खाल्ली. क्योतोच्या केइ मिउरांनी स्कॅनर आणि संगणक वापरून रॉकेट बनी आणि पँडेम या नावांनी विकल्या जाणाऱ्या फुगवट्यांचे साचे काढले. उघडे बोल्ट ही त्यांची सही. एस३० साठीही त्यांचा साचा आहे. चिबातले अकिरा नाकाई याच्या उलट. जगात कुठलीही जुनी पोर्शे असो, स्वतः जाऊन हातानं कापणार. लिबर्टी वॉकच्या वातारु कातोंनी तर महागड्या गाड्यांचा पत्राही कापायला कमी केलं नाही. तिघांच्याही हाताला दाद द्यावी. पण पँडेमची झेड मी प्रदर्शनाच्या चौथऱ्यावरच कल्पू शकतो. ते फुगवटे भरायला जे चाक लागतं, ते त्या जुन्या सस्पेन्शननं कधी मागितलेलंच नव्हतं.

झेडजीच्या मापात एक शहाणपण आहे, ते फार उशिरा लक्षात आलं. जपानात ‘पाच नंबर’ वर्गातल्या छोट्या गाडीची रुंदीची मर्यादा १.७ मीटर आहे. दोन लिटरच्या साध्या झेडवर झेडजीचे फुगवटे लावले तरी ती १,६९० वर, दहा मिलिमीटर अलीकडे थांबते. नोंदणीतली रुंदी वीस मिलिमीटरपेक्षा जास्त बदलली म्हणून कागद नवे करावे लागतात, पण वर्ग बदलत नाही. म्हणूनच नकली झेडजी इतक्या झाल्या की अस्सल ओळखायला चॅसिसवरचा एचएस३०एच हा कोड बघतात. (आपल्याकडे प्रश्न आणखी सोपा आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत. तेव्हा इथं हा शौक वाचनापुरता.)

तरी कुणी कापणारच असेल तर मागची कमान सांभाळा. तिथं बाहेरचा आणि आतला पत्रा कडेला एकमेकांना वेल्डनं चिकटलेले असतात. ग्राइंडर फिरला की दोन्ही सुटे होतात आणि मधली पोकळी उघडी पडते. आतल्या पत्र्याला चिरा देऊन, पाकळ्यांसारखा वाकवून बाहेरच्याला पुन्हा वेल्ड करायचा, सांधा भरायचा, गंजरोधक लावायचा. हे न करता वरून फायबर ठोकून मोकळं होणारे कारागीर पुष्कळ. पहिल्या दोन पावसात काही दिसत नाही. तिसऱ्यात बोल्टच्या भोकांतून तांबडा ओघळ उतरतो. एस३० ला मुळातच तिथं गंज धरायची खोड.

आणि कापून निघालेली पत्र्याची ती चंद्रकोर भंगारात देऊ नका. मागे खडूनं डावी की उजवी ते लिहा आणि खिळ्याला टांगून ठेवा. आज जपानात आणि अमेरिकेतही जुन्या झेड पुन्हा मूळ रूपात आणणारे वाढलेत. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी हौसेनं कापलेल्या कमानींसाठी ते नेमका तेवढाच पत्रा शोधत फिरतात.